शनिवारचा देव

गयाआत्या गेल्याचा निरोप ताडकळसहून आला, तोवर तिला नेऊनही झालं होतं. मी पोचले तेव्हा अंघोळ घालणाऱ्या बाया सांगत होत्या, म्हातारी शनीची मोठी भक्तीण, हातावर नावच गोंदलेलं; म्हणून आम्ही त्यावर तेल घातलं... भक्ती कसली, ते तिनं नवऱ्याचं नाव म्हणून गोंदवलं होतं.

आत्या माझ्या वडिलांची बहीण. लग्नानंतरच्या पहिल्याच बाजारात ती गोंदवायला बसली. कुणाला न विचारता, निव्वळ स्वतःच्या हौसेनं तिनं केलेली ही एकच गोष्ट. गोंदणारणीनं नाव विचारलं. आता नवऱ्याचं नाव तोंडानं कसं घ्यायचं? आत्या लाजत म्हणाली, "शनिवारचा देव." म्हणायचं होतं मारोती. गोंदणारणीच्या नवऱ्यानं कोळशानं अक्षरं काढली, तिनं सुई चालवली आणि हातावर कायमचं हिरवं उमटलं, 'शनिदेव'. आत्याला अक्षरओळख नव्हती. माझे वडील शिकलेले, पण निजामाच्या शाळेत, उर्दूतून. बाळबोध अक्षर त्यांनाही लागत नसे.

रझाकारांच्या धामधुमीत मारोतीमामा घराबाहेर पडले, ते पोलीस ॲक्शननंतरही परतले नाहीत. वडिलांनी शोधाशोध करून हात टेकले. आत्या मात्र एकटीच चुडाव्याच्या स्टेशनावर जायची. नाव घेता येत नव्हतं, म्हणून उतरणाऱ्यांपुढं हात धरायची. वाचता येणारे वाचत, हात जोडत आणि पुढं जात. तिला वाटायचं, माहीत नाही म्हणतायत.

पुढं गावात मराठी शाळा निघाली. मी दिसेल ते वाचत सुटले होते. एका दुपारी तिचा हात वाचला. तिनं पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाली, "तरीच कुनी सांगंना, गं."

मी रडायला लागले. नीट गोंदवून घे म्हटलं, तर तिनं हातावर पदर ओढला. "ऱ्हाऊ दे आता. इतकी वर्सं ह्येच नाव कुरवाळलं म्या."

स्टेशनावर जाणं तिनं सोडलं. दर शनिवारी मात्र दिव्यातल्या तेलाचं बोट त्या अक्षरांवरून फिरवायची. कोणासाठी, हे मी कधी विचारलं नाही. शनिवारचं तेल दोघांनाही चालतं.

ते नाव कुणाचं, हे ठाऊक असलेली आता मी एकटीच. परवा शनिवारी दिवा लावताना सहज बोट तेलात बुडवलं... आणि तशीच बसून राहिले. फार एकटं वाटलं. माझ्या हातावर काहीच लिहिलेलं नाही.