खुबा, जिना आणि आमचा हरणारा संघ

मार्चमध्ये सासरे ड्राइव्हवेवरच्या बर्फावर घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. पण त्यांची खोली बेसमेंटमध्ये. जिना उतरता येईपर्यंत मुक्काम वर, लिव्हिंग रूममध्ये. त्याचा त्यांना कंटाळा आणि वॉकर धरून चालायचा त्याहून जास्त.

जूनमध्ये फुटबॉलचा सीझन सुरू झाला, इथला, चेंडू हातात घेऊन पळायचा. कॅनडात, सस्काटूनच्या खाणीत नोकरीला लागल्यापासून ते आमच्या प्रांताच्या संघाचे भक्त. मी नियम केला: संघ दहा यार्ड पुढे गेला की बाबांनी स्वयंपाकघरापर्यंत एक फेरी मारायची. त्यांनी लगेच मान्य केलं. पण यंदा संघ दहा यार्ड पुढे जाईचना.

"बाबा, उठा आता."

"कशाला? नियम तुझाच आहे."

समोरच्या संघाच्या यार्डांवर चाला म्हटलं, तर म्हणाले, "त्यांच्यासाठी मी एक पाऊल टाकणार नाही."

एका शनिवारी मी पोळ्या करत होते. ते सोफ्यावरून संघाच्या कोचला शिव्या देत होते, पण शेगडीवरच्या धूर ओढणाऱ्या पंख्याच्या आवाजात मला खरंच ऐकू आलं नाही. दोन मिनिटांत वॉकर दारात. पोळ्या संपेपर्यंत उभं राहून त्यांनी कोचच्या चुका सांगितल्या. तेव्हापासून सामना लागला की मी पंखा लावायची, शेगडीवर काही नसलं तरी.

सप्टेंबरात चेंडू फेकणारा नवा क्वार्टरबॅक आला आणि संघ जिंकायला लागला. मला धास्ती, खूश झालेला माणूस कशाला उठेल? पण कौतुक ऐकायलाही कोणीतरी लागतंच. फेऱ्या वाढल्या. फिजिओथेरपिस्टने त्यांना जिनाही शिकवला, पण ती गेली की ते पायरीला पाय लावत नसत.

ऑक्टोबरमध्ये शेवटचा सामना. जिंकलो तर प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी. मी मुद्दाम बेसमेंटमध्ये कपडे वाळवायला गेले. वरून हाक आली.

"ऐकलंस का? शेवटच्या मिनिटाला..."

"ऐकू येत नाही, बाबा. ड्रायर चालू आहे."

मग वॉकर भिंतीला टेकवल्याचा आवाज. मी टॉवेल टाकून जिन्याखाली उभी राहिले. कठडा धरून, आधी दुखरा पाय, मग चांगला, असे ते उतरू लागले. दर पायरीवर थांबून एकेक खेळी सांगत होते. खाली पोचल्यावर निकाल कळला: थोडक्यात हरलो.

"मग प्लेऑफ?"

"पुढच्या वर्षी," म्हणाले, आणि आपल्या खोलीत जाऊन पलंगावर बसले. "वरून माझी उशी आण."