उजव्या ट्रेमध्ये न गेलेल्या चिठ्ठ्या

सोमवार, सकाळचे सात वाजून वीस मिनिटं. शाळेच्या कार्यालयातल्या कारकूनबाई नववीतल्या एका मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला टाइप करत होत्या. 'वर्तन' या रकान्यात त्यांनी 'असमाधानकारक' लिहिलं आणि कागद मुख्याध्यापकांच्या फाइलीत लावला. आधीच निलंबित असलेल्या या मुलीला शाळेतून काढायचं की नाही हे शाळा समिती उद्या अकराला ठरवणार आहे. पण दाखला आधीच तयार ठेवायचा, ही बाईंची पद्धत. ऐन वेळची धावपळ त्यांना खपत नाही.

या टेबलावर त्यांना चोवीस वर्षं झाली. एकही कागद त्या सुटा ठेवत नाहीत, म्हणून मुलं त्यांना मागून 'टाचणी' म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे आणि फारसं वाईटही वाटत नाही.

टेबलावर दोन ट्रे आहेत. वर्गात एखाद्या मुलाचं काही बिनसलं की शिक्षक चिठ्ठी पाठवतात. वर नाव आणि पत्ता, खाली दोन ओळी. डावा ट्रे पर्यवेक्षकांचा. तिथून समज मिळते, पालकांना बोलावणं जातं, शेवटी निलंबन. उजवा ट्रे समुपदेशक मॅडमचा. त्या मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. कुठली चिठ्ठी कुठल्या ट्रेमध्ये, हे बाई ठरवत. तसं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शिक्षकांना वेळ नव्हता, बाईंचा हात जलद होता, काम अंगवळणी पडलं.

शाळेतली निम्मी मुलं 'खाणवाल्यां'ची. त्यांचे आजोबा दगडाच्या खाणीवर कामाला म्हणून लांबून आले. त्यांचा समाज वेगळा, चेहरेपट्टी वेगळी, घरातली भाषा वेगळी. खाण बंद होऊन पंधरा वर्षं झाली, नाव तेवढं चिकटून राहिलं.

नऊच्या सुमाराला समुपदेशक मॅडम आल्या. त्यांचा वार नव्हता. हातात एक अहवाल आणि गेल्या वर्षभरातल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता.

"काकू, जरा बसू का? खाणवाल्यांच्या मुलांत शिस्तीच्या तक्रारी इतरांच्या तिप्पट निघाल्यात. आणि उदासी, भीती, झोप न येणं, यातलं जवळपास काहीच नाही."

"म्हणजे दांडगी आहेत, पण मजेत आहेत," बाई म्हणाल्या. "मी इतकी वर्षं दुसरं काय सांगतेय?"

"मीही तसंच लिहिणार होते. पण कुठल्याच वस्तीतली पोरं इतकी मजेत नसतात हो."

मॅडमनी प्रत्येक चिठ्ठीचा नाव-पत्त्याचा भाग दुमडून आणला होता. दोनशे चौदा चिठ्ठ्या. "नाव न बघता पुन्हा लावाल?"

"माझी परीक्षा घेताय होय? घ्या." बाईंनी चष्मा पुसला आणि चाळीस मिनिटांत गठ्ठा संपवला.

मग मॅडमनी घड्या उलगडल्या. वर्षभरात डाव्या ट्रेमध्ये गेलेल्या त्रेसष्ट चिठ्ठ्या बाईंनी आता उजवीकडे ठेवल्या होत्या. त्यातल्या अठ्ठावन्न खाणवाल्यांच्या होत्या.

"घाईत झालं असेल," बाई म्हणाल्या.

"घाईत झालं असतं तर दोन्हीकडे सारखं झालं असतं, काकू."

अठ्ठावन्नात चार चिठ्ठ्या त्या नववीतल्या मुलीच्या होत्या. 'बाकावर डोकं ठेवून पडून असते. विचारलं तर उत्तर देत नाही.' 'डबा उघडत नाही.' 'स्वतःची वही फाडली.' चौथ्या चिठ्ठीत पुन्हा, उत्तर देत नाही. एकाही शिक्षकाने 'उद्धट' लिहिलं नव्हतं. निलंबनाच्या पत्रात तो शब्द होता, आणि पत्र बाईंनी टाइप केलं होतं.

गठ्ठ्यात आणखी एक चिठ्ठी होती. 'विचारलं तर उत्तर देत नाही.' ती बाईंच्या बहिणीच्या मुलीची. ती त्यांनी ट्रेमध्ये ठेवलीच नव्हती. हातात घेऊन दोन जिने चढून मॅडमच्या खोलीत नेऊन दिली होती. भाची आता दहावीत आहे, बरी आहे.

त्यांना त्या नववीतल्या मुलीची आई आठवली. ती कपड्यांना इस्त्री करण्याच्या कारखान्यात काम करते. निलंबनाच्या दिवशी खिडकीशी उभी राहून ती म्हणाली होती, "बाई, घरी पण बोलत नाही हो. जेवत नाही. मी काय करू?" बाईंनी कागद पुढे सरकवला होता. "इथे सही करा."

साडेदहाला बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या.

"सर, त्या मुलीच्या बाबतीत चूक माझी आहे."

"अहो, पद्धत आहे ती. तुम्ही कशाला मनाला लावून घेता?"

"पद्धत माझीच होती, सर."

मुख्याध्यापकांनी पेन खाली ठेवलं. "समितीपुढे हे गेलं तर वर्षभराची सगळी निलंबनं उकरतील. किती आहेत माहीत आहे?"

"एकोणचाळीस. पत्रं मीच टाइप केलीत."

"मग लेखी द्या. मी माझ्या तोंडाने सांगणार नाही."

पहिल्या मसुद्यात त्यांनी 'अनवधानाने' असं लिहिलं. मॅडमनी वाचून कागद नुसता परत केला. दुसऱ्या मसुद्यात तो शब्द नव्हता. 'चिठ्ठी कुठे लावायची हे मी मुलाचा समाज पाहून ठरवत आले. उद्धट हा शब्द शिक्षकांचा नाही, माझा आहे.' सही करताना बाईंचे कान लाल झाले होते.

बाराला त्यांनी मुलीच्या आईला फोन केला.

"उद्या सव्वाआठला तिला घेऊन या."

"आता काय केलं तिनं? घरातच असते हो ती. दारसुद्धा उघडत नाही."

"तिनं काही केलेलं नाही. चुकलंय इथे. माझ्याकडून."

पलीकडे इस्त्रीच्या वाफेचा आवाज येत होता. आई म्हणाली, "तुम्ही स्वतः फोन केलात बाई, फार उपकार झाले."

बाईंनी रिसीव्हर ठेवला. खिडकीशी कुणीतरी बोनाफाइड दाखल्यासाठी उभं होतं. त्याला त्यांनी दोनदा नाव विचारलं.

समुपदेशक मॅडम मंगळवारी सव्वाआठला येतात. त्यांच्या दारावर लागलेल्या उद्याच्या यादीत पहिलं नाव त्या मुलीचं आहे, आणि अकराच्या बैठकीच्या विषयपत्रिकेला बाईंचं अर्ध्या पानाचं पत्र जोडलेलं आहे.