बाबांची एक वाटी भात
समस्त वरणभातप्रेमींना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की वाटी हे माप विश्वासाचं नाही. गरम भातावर तूप विरघळल्याचा वास आला की मला ऐंशीच्या दशकातलं आमचं मुलुंडचं स्वयंपाकघर आठवतं. डॉक्टरांनी बाबांना बजावलं होतं, वजन उतरवा, हृदयावर ताण येतोय. मी कॉलेजात आहारशास्त्र शिकत होते, म्हणून घरातल्या कॅलरींचा कारभार माझ्या हाती आला. दोन फुलके, एक वाटी भात, त्यावर अपील नाही! बाबा बिचारे निमूट जेवत. तरी महिना उलटला आणि पँटचा पट्टा जागचा हलेना. एका रविवारी आई पूजेला बसली होती, म्हणून मीच वाटीत भात घेऊन मूद पाडली. बाबा ताटाकडे बघतच राहिले. "हे काय गं, कावळ्याला वाढलंयस का?" "बाबा, एक वाटीच आहे!" "पण आईची वाटी मोठी असते ना." वाटी तर तीच होती. तेवढ्यात पूजा उरकून आई आली. तिने वाटीत भात घातला, अंगठ्याने दाबला, पुन्हा घातला, पुन्हा दाबला आणि विटेसारखी घट्ट मूद ताटात उपडी केली. "आई, यात दोन वाट्यांच्या वर भात आहे!" मी किंचाळले. आता नवऱ्याला भात वाढताना माझाही अंगठा शिवशिवतो, तेव्हा आईचा त्या दिवशीचा रडवेला, रागावलेला चेहरा दिसतो आणि तिचं उत्तर ऐकू येतं. "अगं, एकच वाटी द्यायची म्हटल्यावर दाबून नाही भरणार तर काय करणार?"