मंगळवारी न उडालेलं विमान

धुळ्याच्या एका कॉलेजच्या ऑफिसात पत्रं लिहिण्यात माझी निम्मी हयात गेली. आवक, जावक, स्मरणपत्र, दुसरं स्मरणपत्र. त्यामुळे एका छापील तारखेची दुरुस्ती करून घेणं म्हणजे आपल्या डाव्या हाताचा मळ, असं मला वाटलं होतं. वर्ष होत आलं, माझ्या नाकी नऊ आले.

माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणतो, दक्षिणेकडच्या एका लष्करी तळावर फिटर होते. नवी विमानं आधी तिथे उडवून तपासतात, मगच ती सैन्याकडे जातात. निवृत्तीनंतर नाना आणि माय जळगावला, पिंप्राळ्यात येऊन राहिले. गेल्या वर्षी त्या तळाच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक पोस्टानं घरी आलं. पानोपानी टप्पे: धावपट्टी कधी लांबवली, पहिलं जेट कधी उतरलं, वैमानिकांची शाळा कधी निघाली. नानांनी चष्मा पुसला आणि एकच पान शोधलं. तिथेच बांधलेल्या एका विमानाच्या पहिल्या उड्डाणाचं. वाचलं आणि पुस्तक मिटून टाकलं.

"तारीख चुकेल शे," ते म्हणाले. "मंगयवार लिखेल शे. ते बुधवारले उडनं."

तो मंगळवार मलाही आठवतो. शाळेला सुट्टी होती, मोठा मांडव होता. माय नवं पातळ नेसून उन्हात बसली होती. दिल्लीचे पाहुणे आले, विमान हँगरबाहेर आलं, थोडा वेळ उभं राहिलं आणि पुन्हा आत गेलं. पेढे तसेच झाकून ठेवले गेले. कोणाचा तरी पाना हरवला, एवढंच आम्हाला कळलं.

तळावरची रीतच तशी होती. भिंतीवरच्या फळ्यावर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असायची. काम संपलं की पाना आपल्या आकृतीवर टांगायचा. एक जरी जागा रिकामी असली तरी विमान उडायचं नाही, मग समोर पाहुणा कुणी का असेना. आणि पाना कोणी वापरला हे कोणी विचारायचं नाही. ज्यानं वापरला त्यानं आपण होऊन हात वर करायचा. कबूल केलं तर शिक्षा नाही, लपवलं तर नोकरी गेली.

बुधवारी सकाळी पाना सापडला आणि दुपारी विमान उडालं. पण पहिल्या उड्डाणाची कोनशिला आधीच कोरून बसवलेली होती, तिच्यावर मंगळवारच राहिला. पुस्तकवाल्यांनी शिळेवरून तारीख उतरवली. ज्या दिवशी सगळा तळ एक पाना शोधत होता, तो दिवस इतिहासात उड्डाणाचा म्हणून जाऊन बसला.

मी पहिलं पत्र पाठवलं. उत्तर आलं: आपल्या अभिप्रायाबद्दल आभार. दुसरं पाठवलं. उत्तर आलं: कोनशिलेवरील तारीख ग्राह्य धरण्यात आली आहे. मी ऑफिसात असली पत्रं रोज लिहिते, पण आपल्याला आलं की कसं अंग पेटतं ते तेव्हा कळलं. मी नानांवरच चिडले.

"एका दिवसानं कोणाला काय फरक पडतो?"

"माले पडस," ते म्हणाले.

तिसऱ्या पत्राला उत्तर आलं: उड्डाण लांबल्याचे नेमके कारण कळवावे. मी शनिवारची एसटी पकडून धुळ्याहून पिंप्राळ्याला गेले, तर नाना पाचोऱ्याला लग्नाला निघून गेलेले. पुढच्या शनिवारी नाना दुपारभर झोपून राहिले. तिसऱ्या शनिवारी माझा तोल सुटला. तुम्हाला सांगायचं नसेल तर माझ्या एसटीच्या खेपा तरी वाचवा, असं मी तोंडावर म्हणाले.

"पाना मना व्हता," नाना म्हणाले. "आनि हात बी मनाच वर गया. लिख."

स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं. माय पिठाच्या हातानं दारात आली. तिनं त्या मंगळवारच्या बावळ्याला आजवर किती शिव्या दिल्या असतील त्याची गणती नाही. पाहुणे आले की ती ही गोष्ट हटकून सांगायची, आणि नाना शेजारी बसून चहा प्यायचे.

"मंग इतला वरीस मी शिव्या तुमलेच दिन्यात?"

"आयकत व्हतू ना मी," नाना म्हणाले.

पाना शेपटीत सापडला होता, सुकाणू हलवणाऱ्या दांड्याशी अडकलेला. विमान मंगळवारी उडालं असतं तर वैमानिक परत आला नसता. नाना हे अगदी साध्या आवाजात सांगत होते, आणि मला माझीच लाज वाटत होती. मी तारखेवरून वाद घालत होते. ते मात्र पुस्तकात काय छापलंय ते वाचत होते: मंगळवारी विमान उडालं, म्हणजे कोणी हात वर केलाच नाही.

मी सगळं लिहून पाठवलं. नानांनी खाली सही केली.

गेल्या आठवड्यात उत्तर आलं. पुढच्या आवृत्तीत तारीख दुरुस्त होईल, आणि शेजारी लिहिलं जाईल: तांत्रिक कारणास्तव उड्डाण एक दिवस लांबले. पान्याचा उल्लेख नाही. हाताचा नाही. मी पिंप्राळ्याला जाऊन तो कागद टेबलावर आपटला.

"नाना, यात तुम्ही कुठेच नाही."

त्यांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली.

"शे ना. तांत्रिक कारन मंजे मीच."

माय हसली. मला हसू आलं नाही. मी धुळ्याला परतले आणि चौथं पत्र लिहायला घेतलं. त्यात एकच ओळ आहे: हात वर केला तो माझ्या वडिलांनी.