प्लेअरने न दाखवलेली फुगडी

करी रोडच्या आमच्या चाळीत डीव्हीडी लिहिणारा कॉम्प्युटर तेव्हा एकट्या माझ्याकडे होता, आणि मला त्याचा असा काही माज होता की जिन्यातली मांजरंसुद्धा उठून वाट देत. कुणाचं बारसं असो, कुणाची हळद असो, डिस्कवर उतरवून देणार मीच. त्यात गिरणगावची काटकसर रक्तात. अर्धी डिस्क रिकामी असताना नवी कोरी काढणं म्हणजे आमच्याकडे पाप. म्हणून मी डिस्क बंद करतच नसे. उरलेल्या जागेत पुढच्या वेळचं लिहायचं. याला मल्टिसेशन म्हणतात, हे मी भाजीवालीलाही समजावून सांगितलं होतं. तिने ऐकून घेऊन कोथिंबीर महाग लावली.

मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, आमच्याच मजल्यावर राहायची. गौरी आल्या की दुपारी बायका गॅलरीत फुगड्या घालत, आणि काका वारल्यापासून मावशी चहाचा ट्रे घेऊन कडेला उभी असे. तिला कुणी 'येऊ नको' म्हटलं नव्हतं. 'ये'सुद्धा म्हटलं नव्हतं. त्या वर्षी शेजारच्या वहिनींनी तिच्या हातातला ट्रे काढून घेतला आणि तिला आत ओढलं. मग मावशी अशी गरगरली की खालच्या मजल्यावरच्या पिंपातल्या पाण्याला भोवरे पडले आणि स्टेशनावरचं घड्याळ दोन मिनिटं पुढे गेलं. मी सगळं कॅमेऱ्यात धरलं. आदल्या वर्षीच्या गौरीच्या डिस्कवर जागा होती, तिथेच लिहिलं.

रविवारी मावशीच्या खोलीत अख्खी चाळ जमली. तिने ठेवणीतली साडी नेसली होती. प्लेअर सुरू झाला, गॅलरी दिसली, फुगड्या दिसल्या, आणि कडेला ट्रे घेऊन उभी असलेली मावशी दिसली.

"मेल्या, ह्या गेल्या वर्षाचा मा?" मावशी म्हणाली.

मी रिमोटचं प्रत्येक बटण दाबलं. मग डिस्क घेऊन घरी पळालो. कॉम्प्युटरवर दोन्ही वर्षं छान दिसत होती. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: घरचा प्लेअर पहिलं सेशन, म्हणजे पहिल्या खेपेला लिहिलेलं, तेवढंच वाचतो आणि डोळे मिटून घेतो. परत जाऊन एवढंच म्हणायचं होतं की चूक माझी, उद्या नवी डिस्क देतो. पण तिथे सगळी चाळ बसलेली, आणि मी छाती काढून हिंडणारा. मी तोंड पाडून सांगितलं, "कॅमेऱ्यानेच दगा दिला. काही उतरलंच नाही."

सगळ्यांना माझीच दया आली. वहिनींनी करंजी दिली, मी ती खाल्लीसुद्धा.

मावशीने टीव्ही बंद केला. "बरा झाला," ती म्हणाली. "देवीक पटाक नाय ता."

करंजी घशात अडकायला हवी होती. अडकली नाही.

त्याच आठवड्यात मी नवी डिस्क लिहून नीट बंद केली आणि कपाटात शर्टांच्या खाली ठेवली. ती द्यायची तर खोटं कबूल करावं लागणार. मावशी बांगड्याची कढी पाठवायची. मी ती ओरपायचो आणि डिस्कवर आणखी एक शर्ट ठेवायचो.

पुन्हा गौरी आल्या. वहिनींनी हात पुढे केला, तर मावशी मागे सरली. "नको गे. एकदा कळला मा."

मी घरी गेलो, कपाट उपसलं. मावशीला तिच्या खोलीत बसवून डिस्क लावली आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. तिने आधी फुगडी शेवटपर्यंत पाहिली.

"वर्सभर माका वाटला, देवी रागावली," ती म्हणाली. "आणि तू गप रवलस?"

मी उठून दार उघडलं.

"चल आता," मी कसंबसं म्हणालो. "बाहेर घालतायत अजून."

"आता खंयची फुगडी?" तिने उजवा गुडघा चोळला. "पावसापासून ह्यो वळना नाय."

मग तिनेच दारात जाऊन बायकांना हाक मारली, "या गे, माझी फुगडी बघा." बायका दाटीवाटीने बसल्या. ती पहिल्यांदा गिरकी घेताना दिसली तेव्हा कुणीतरी शिट्टी मारली. मावशी हसली, पाय लांब करून बसली आणि मला म्हणाली, "परत लाव."

मी रिमोट दाबला. तिच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही.