शरिफाची रोजची चूक

शरिफा माझी बिरवाडीची शेजारीण. कारखान्यातल्या अठरा कामगारांना तांदळाच्या भाकऱ्या करून घालते. पन्नाशी उलटल्यावर ती कॉम्प्युटर घेऊन बसली, तेव्हा मी स्पष्टच विचारलं, "हे कसले भिकेचे डोहाळे गो?"

कारण मला ठाऊक होतं म्हणा. तिचा मुलगा नौमान तीन वर्षं मस्कतला. फोन रोज करायचा, पण कसा? "अम्मी, जेवलीस? गोळी घेतलीस? ठेवतो." झालं! मला अस्सा राग यायचा. शरिफा मात्र फोन मांडीवर घेऊन बसून राहायची. तिला फक्त त्याचा आवाज हवा होता, पोटभर.

एकदा तिनं विचारलं, "तू तिथं करतोस काय रे?" तो तेलाच्या टाक्यांवरच्या यंत्रांसाठी फोर्थ नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत प्रोग्राम लिहितो. त्या दिवशी गडी वीस मिनिटं बोलला. "अम्मी, ही तुझ्या भाकऱ्यांची चळत समज. आकडे एकावर एक ठेवायचे, शेवटचा आधी उचलायचा. आधी आकडे, मग काम."

त्याच्या जुन्या लॅपटॉपवर तिनं अठरा लिहिले, माणशी तीन भाकऱ्या म्हणून तीन लिहिले, मग गुणाकाराची खूण आणि उत्तर दाखवायला टिंब. पडद्यावर चोपन्न! या भाषेत आपला शब्द आपणच बनवता येतो. तिनं 'भाकरी' बनवला. माणसं किती ते लिहून पुढं 'भाकरी' लिहिलं, की किती थापायच्या ते हजर.

आणि तिसऱ्या दिवसापासून बाई रोज चुकायला लागली. आकडा न ठेवताच 'भाकरी' लिहायची. चळत रिकामी, मशीन कुरकुरायचं, की लगेच मस्कतला फोन.

"अगो, काल तर जमलं होतं," मी म्हटलं.

"जमलं तर तो फोन ठेवेल ना, बनुबाई."

माझ्याच्यानं राहवेना. एक दिवस तिच्या हातातून फोन घेतला नि म्हटलं, "नौमान, तुझी आई मठ्ठ नाय हो. तुझ्यासाठी मुद्दाम चुकते ती."

पलीकडून तो म्हणाला,

"ठाऊक हाय, मावशी. नुसतं घरचं बोलायला लागलो की रडू येतं, म्हणून ठेवून द्यायचो. शिकवताना आवाज नीट राहतो. तिला चुकू दे."

मी फोन शरिफाच्या कानाशी लावला आणि तिची तव्यावरची भाकरी उलटायला गेले.