मिंदियाचं 'देदेकेत'

सकाळी उठलं की मिंदिया सिरक्यात मध कालवून गुळण्या करायची. मग उंबऱ्यावर उभी राहून आवाज तपासायची. गायची नाही, एकच शब्द हळू म्हणायची, "देदेकेत." कोरडा निघाला तर पुन्हा गुळणी. नोला गावातली ती गल्ली त्या शब्दानेच जागी व्हायची.

अंत्ययात्रेत पुढे चालून मेलेल्याचं गुणगान गाणं हा तिचा धंदा. बासरीवाले तिच्या आवाजामागून जायचे, बायका तिची ओळ उचलायच्या. घरापासून वेशीबाहेरच्या चितेपर्यंत तो आवाज तुटता कामा नये. तुटला तर घरावर अपशकुन.

देदेकेत म्हणजे शोभत नाही. तसा हा शब्द गावात सगळ्यांच्याच तोंडी असायचा. बाप मुलीला म्हणायचा, मालक गुलामाला. मिंदिया जन्मली गुलामगिरीत, त्यामुळे तो ऐकतच मोठी झालेली. सुटका झाल्यावर तिने तो वापरायची स्वतःची रीत पाडली. भुकेल्याला, दारू चढलेल्याला, रडणाऱ्याला ती तो कधी म्हणाली नाही. ज्याच्या अंगात थांबायची ताकद आहे त्यालाच म्हणायची, तेही एकदाच. त्यात धमकी नसायची. माणूस याहून बरा आहे, असा विश्वास असायचा.

पावाच्या भट्टीवाल्याच्या मुलीला, लार्तीदियाला, हे पुढे कळलं. मिंदियाकडे आली त्या दिवशी ती फक्त घाबरली होती. बाप गेला होता आणि दुसऱ्या सकाळी प्रेत उचलायचं होतं. प्रेतामागून नकल्या चालतो, मेलेल्याचा मुखवटा लावून, त्याच्यासारखा बोलत. लोकांनी शेवटचं हसून घ्यावं, अशी चाल. तिरानूस हा गावातला नावाजलेला नकल्या. गुत्त्यात त्याची तालीम झाली होती आणि शेजारणीने ती लार्तीदियाला हावभावांसकट सांगितली होती.

"मावशी, बाबांचं लंगडणं करू दे," ती मिंदियाला म्हणाली. "गाढवावर ओरडणं करू दे. ते होतेच तसे. पण आई निघून गेली तेव्हा ते पिठाच्या कोठीत दार लावून रडले, तेही करणार आहे म्हणे."

"तुला कुणी सांगितलं ते रडले म्हणून?"

"मी दाराबाहेर होते."

मिंदियाने तिचा चेहरा उजेडाकडे वळवला. "नकल्याला अडवायचा मला हक्क नाही, पोरी. जा, झोप काढ. डोळे बघ कसे झालेत."

सकाळी यात्रा निघाली. तिरानूसने लंगडत पहिलं वळण घेतलं तसे लोक हसले. "गाढवा, तुझ्यापेक्षा माझा जावई हुशार असता, पण मिळतोय कुठे!" यावर लार्तीदियासुद्धा हसली, बाप अगदी असंच म्हणायचा. मग चौकात तिरानूस एका बंद दुकानाच्या दाराशी गेला, फळीला कपाळ टेकलं आणि खांदे हलवू लागला. लार्तीदियाने पदर तोंडावर ओढला. कुणीतरी फिस्सकन हसलं.

आणि मिंदियाचा आवाज थांबला.

बासऱ्या दोन सूर पुढे गेल्या आणि अडखळल्या. बायकांनी ओळ अर्धीच सोडली. एवढी गर्दी, पण चिता पेटवायला घेतलेल्या मशालींची फरफर ऐकू येत होती.

"तिरानूस," मिंदिया रोजच्या आवाजात म्हणाली, "लंगडणं त्याने रस्त्यावर केलं, ते तुझं. हे त्याने दार लावून केलंय. देदेकेत."

यात्रेची व्यवस्था पाहणारा वीबियुस धावत आला. "अगं, डोकं फिरलं का तुझं? आवाज तोडलास. तुला तरी शोभतं का हे?"

"नाही शोभत," मिंदिया म्हणाली. "पुन्हा बोलावू नकोस मला."

सगळे लार्तीदियाकडे पाहत होते. अपशकुन तिच्या घरावर होता. तेवढ्यात तिरानूस दारापासून वळला. मुखवटा नीट केला, एक पाय ओढत मिंदियाच्या पुढ्यात आला आणि हुबेहूब भट्टीवाल्याच्या खरखरीत आवाजात खेकसला, "काय गं बाई, थांबलीस का? माझी भट्टी चांगली तापलीय तिकडे, आणि मी इथे थंड होतोय."

आधी लार्तीदिया हसली. हसता हसताच तिला रडू फुटलं, आणि पदर तोंडावरून खाली आला. मिंदियाने ओळ उचलली, तुटली होती तिथूनच.

वीबियुसने उन्हाळाभर तिला बोलावलं नाही. लोकच यायचे. ज्यांच्या घरात झाकण्यासारखं काही होतं ते आधी आले, म्हणजे जवळजवळ सगळेच.

लार्तीदियाच्या घरावर अपशकुन आला की नाही, ते भट्टीलाच ठाऊक. लार्तीदिया ती चालवत राहिली आणि रोज संध्याकाळी मिंदियाकडे पाव पोचवत राहिली. पुढे मिंदियाचा आवाज बसला तरी गुळणी आणि उंबऱ्यावरचा तो शब्द सुटला नाही. म्हातारा तिरानूसही कधीमधी जेवायला यायचा.

मिंदियाच्या शेवटच्या संध्याकाळीही तो यायचा होता. पाव एका बाजूने करपला होता. लार्तीदिया तो मोडायला बसली, तेव्हा मिंदिया अंथरुणावरून बघत होती.

"करपलेला तुकडा माझ्याकडे ठेव," ती म्हणाली. "तिरानूसला मधला दे. पाहुण्याला करपलेलं वाढणं शोभत नाही."